मिशनरी मुलांच्या घरी जाणारे आजी-आजोबा : वाचकांचे प्रश्न

सेवाकार्यासाठी परदेशी गेलेल्या कुटुंबांविषयी या सदराकडे नेहमीच पत्रे येतात. गेल्या काही महिन्यांत मात्र त्यांतली बहुतेक एकाच प्रसंगाभोवती फिरत आहेत, तो म्हणजे मुलाच्या किंवा मुलीच्या परदेशातल्या घरी आजी-आजोबांनी काही आठवडे राहायला जाणे. काही पत्रे जाणाऱ्यांची आहेत, काही ज्यांच्या घरी पाहुणे यायचे आहेत त्यांची. यावेळचे संपूर्ण सदर मी याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे, त्यांच्या मिशन संस्था आणि ते देश मुद्दाम छापलेले नाहीत. त्याचे कारण अखेरच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : आदरणीय ताई, सलाम. माझा मुलगा आणि सून लग्नानंतर लगेच एका मिशन संस्थेबरोबर परदेशी गेले. नातू आता आठ वर्षांचा आहे आणि नात चार वर्षांची. दोघेही तिकडेच जन्मले. येत्या सुट्टीत मी आणि माझे यजमान पहिल्यांदाच सहा आठवड्यांसाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. व्हिडिओ कॉलवर नातू दोन मिनिटे बोलतो आणि उठून जातो. आपली भाषा त्याला समजते, पण उत्तर तो दुसऱ्याच भाषेत देतो. आपण त्याला परके वाटू, या विचाराने मला झोप येत नाही. यजमान म्हणतात की सहा आठवड्यांत त्याला वाचन, गीते, शास्त्रपाठ सर्व काही शिकवून टाकू. त्यांचा उत्साह पाहून मला आणखीच काळजी वाटते. आम्ही नेमके काय करावे?
— एक आजी

उत्तर : प्रिय भगिनी, आपली भीती खरी आहे, आणि तिच्याविषयी बोलण्याआधी आपण दोघांनी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा अठ्ठेचाळिसावा अध्याय एकत्र वाचावा, अशी माझी विनंती आहे. याकोब म्हातारपणी मिसर देशात (इजिप्तमध्ये) आपला मुलगा योसेफ याच्याजवळ राहत होता. योसेफाचे मुलगे मनश्शे आणि एफ्राइम हे त्याच परक्या देशात, मिसरी आईच्या पोटी जन्मलेले होते. त्यांना घेऊन योसेफ आजारी वडिलांकडे आला, तेव्हा दृष्टी मंद झालेल्या याकोबाने विचारले की हे कोण आहेत. मग त्याने त्यांना जवळ घेतले, त्यांचे मुके घेतले, आणि आपल्याला मुलाचे तोंडही पुन्हा दिसेल असे वाटले नव्हते, पण देवाने त्याची संततीही दाखवली, असे तो म्हणाला. माझे थोरले मुलगे रऊबेन आणि शिमोन जसे माझे, तसेच हे दोघेही माझे, हे त्याने आधीच सांगून टाकले होते. मुलांना आपल्या वाडवडिलांची किती माहिती आहे, आपल्या चालीरीती ती किती जाणतात, याची त्याने एका शब्दानेही चौकशी केली नाही. त्याने त्यांना आपले म्हटले, आणि मग आशीर्वाद दिला. परदेशातल्या नातवंडांकडे जाणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांनी हा क्रम लक्षात ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

कॉलवरून नातू उठून जातो, यावरून त्याच्या मायेचा अंदाज बांधू नका. आठ वर्षांच्या मुलाला गप्पा मारण्यासाठी समोरच्या माणसाबरोबर काहीतरी करत असावे लागते. पडद्यावर दिसणारी माणसे प्रेमळ असली तरी ती त्याच्या दिवसात नसतात. त्याच्या शाळेचा रस्ता तुम्हांला ठाऊक नाही, त्याच्या मित्राचे नाव तुम्ही ऐकले असले तरी त्याला पाहिलेले नाही, त्यामुळे 'अभ्यास कसा चालला आहे?' या प्रश्नापुढे संभाषण सरकत नाही. सहा आठवड्यांत नेमकी हीच उणीव भरून काढता येईल. एकदा त्याची जागा आणि माणसे तुमच्या ओळखीची झाली की परतल्यावर कॉलवर बोलायला विषय राहतील.

म्हणून पहिल्या आठवड्यात शिकवण्याचे काम मुलांकडे सोपवा. विमानाचा लांबचा प्रवास आणि वेळेतला फरक यांमुळे शरीर सावरायला तसेही काही दिवस लागतात. साधारणपणे जितक्या तासांचा फरक, तितके दिवस, असे धरून चालावे. त्या दिवसांत नातवाला सांगा की आम्हांला येथले काहीच माहीत नाही, तू आम्हांला दाखव. वाट कोणती, शेजारी कोण राहतात, त्यांना नमस्कार कसा करायचा, कोणत्या ठिकाणी जपून चालायचे, हे तो तुम्हांला सांगेल. मिशनऱ्यांची मुले सुट्टीत आईवडिलांच्या देशात येतात, तेव्हा त्यांना सगळ्याच गोष्टींत चुकणाऱ्या नवख्याची भूमिका करावी लागते. आजोबांच्या भेटीत पहिल्यांदाच जाणता तो असतो आणि नवखे तुम्ही असता. मुलाला यातून जो अभिमान वाटतो, तो आपल्या कुठल्याही भेटवस्तूतून मिळणार नाही.

भाषेविषयी आपल्या यजमानांना माझा निरोप द्या. तुम्ही तुमच्या भाषेत बोला आणि त्याला त्याच्या सोयीच्या भाषेत उत्तर देऊ द्या. समजणे आधी येते आणि बोलणे मागून, हे तान्ह्या बाळाइतकेच आठ वर्षांच्या मुलालाही लागू आहे. त्याचे चुकलेले वाक्य चार लोकांसमोर दुरुस्त केले, तर तो गप्प होईल, आणि एकदा गप्प झालेले मूल सहा आठवड्यांत पुन्हा बोलते होईलच, असे सांगता येत नाही. त्याऐवजी रोज रात्री झोपण्यापूर्वी त्याला वाचून दाखवा आणि त्याच्या बापाच्या लहानपणच्या गोष्टी सांगा. माझ्या अनुभवात असे एकही मूल नाही ज्याला आपला बाप शाळेत कशासाठी बोलणी खात असे, हे ऐकायला आवडत नाही. शास्त्रपाठ आणि गीते यांचेही तसेच आहे. त्या घरात कौटुंबिक प्रार्थनेची रीत आधीपासून असेल. तिच्यात सामील व्हा आणि तुम्हांला पाठ असलेले एक गीत त्यात घाला. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाचा उल्लेख करताना आधी त्याची आजी लोईस आणि मग आई युनीके यांचे नाव घेतले आहे. लोईसने नातवाचे वर्ग घेतले, असे काही तिथे म्हटलेले नाही. तिच्या ठायी असलेला विश्वास त्याच्यात आला, एवढेच सांगितले आहे.

आता काही बोलणी टाळावीत, त्यांविषयी. 'घरी केव्हा येणार?' हा प्रश्न आपण सहज विचारतो, परंतु त्या मुलाचे घर तो ज्या खोलीत बसला आहे तेच असते. रूथ युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९५० च्या दशकात आपल्या पतीबरोबर भारतात राहून येथे काम करणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला आणि पुढे आयुष्यभर अशा मुलांविषयी लिहिले. ही मुले आईवडिलांच्या देशाची पूर्णपणे होत नाहीत आणि जिथे वाढतात त्या देशाचीही होत नाहीत. दोन्हींतून काहीतरी घेऊन ती आपले तिसरेच जग उभे करतात, आणि आपल्यासारख्याच इतर मुलांत त्यांना सर्वांत मोकळे वाटते, असे तिने मांडले. आपल्या नातवाला 'तू खरा कुठला?' असे विचारले तर त्याच्यावर निवड करण्याची सक्ती होते, आणि त्या वयात ती निवड करताच येत नाही. चुलत आणि आते भावंडांशी तुलना करणेही असेच टाळावे. त्यांची छायाचित्रे दाखवा, त्यांच्या गमती सांगा, पण 'तो बघ कसे छान बोलतो' असे म्हणू नका.

दोन्ही नातवंडांना तुमचा वेगवेगळा वेळ मिळू द्या. चार वर्षांची नात पहिल्या दिवशीच मांडीवर येईल, आणि थोरला बाजूला उभा राहून पाहत राहील. तेव्हा आजोबांनी त्याच्याबरोबर रोज एक काम ठरवावे, मग ते काही दुरुस्त करणे असो वा फिरायला जाणे. दोन-तीन आठवड्यांनी, मुले तुमच्याजवळ रुळल्यावर, मुलगा आणि सून यांना दोन दिवस एकत्र कुठेतरी जाऊ द्या. मिशनरी दांपत्याला घरात एकांत फार दुर्मिळ असतो, आणि विश्वासाने मुले सोपवावीत असे माणूस परदेशात जवळ नसते. तुम्ही त्यांना देऊ शकाल अशी याहून मोठी देणगी मला सुचत नाही.

निघण्याचा दिवस मुलांना आधीपासून ठाऊक असू द्या. ती झोपलेली असताना निघून जाणे आपल्याला सोपे वाटते, पण जागे झाल्यावर मुलांना जे वाटते ते त्यानंतरच्या प्रत्येक पाहुण्याच्या वेळी पुन्हा वर येते. या मुलांच्या आयुष्यात निरोप तसेही फार असतात. सहकारी कुटुंबे बदलतात, मित्र दुसऱ्या देशात जातात. नीट घेतलेला निरोप, त्यात रडणे आले तरी चालेल, त्यांना पुढच्या निरोपांसाठी बळ देतो.

प्रश्न : आदरणीय ताई, माझे सासू-सासरे दोन महिन्यांसाठी आमच्याकडे येणार आहेत. मी आणि माझे पती येथील मिशन रुग्णालयात काम करतो. घरात माणसांची सतत ये-जा असते आणि आमचा निर्वाह मंडळ्यांच्या (चर्चच्या) देणग्यांवर चालतो. मुलांना पुढच्या वर्षी वसतिगृहाच्या शाळेत घालावे की मी घरीच शिकवावे, हे अजून ठरलेले नाही. 'मुलांच्या भवितव्याचे काय?' हा सासूबाईंचा प्रश्न फोनवर नेहमीच असतो, आता तो रोज समोर येईल. सासरे निवृत्त पाळक (चर्चचे धर्मगुरू) आहेत. येथे ठिकठिकाणी उपदेश करण्याची त्यांची इच्छा आहे. मला दोघांविषयी आदर आहे, पण मी आतापासूनच थकले आहे.
— एक सून

उत्तर : आपल्या पत्रात चार वेगळे विषय एकत्र आले आहेत, आणि त्यांतला उपदेशाचा विषय सर्वांत तातडीचा आहे, म्हणून तो आधी घेते. पर्यटक म्हणून किंवा नातेवाइकांना भेटण्यासाठी मिळणाऱ्या व्हिसावर धर्मोपदेश करण्यास अनेक देशांत मनाई असते. काही ठिकाणी नुसते व्यासपीठावरून बोलणेही त्यात मोडते. आपण त्या देशात कोणत्या परवान्यावर राहता आणि पाहुण्यांनी काय केलेले चालते, हे मिशन संस्थेच्या जबाबदार व्यक्तीकडून लेखी विचारून घ्या आणि तिकिटे काढण्याआधी सासऱ्यांना कळवा. पाहुण्याच्या एका प्रवचनामुळे यजमान कुटुंबाचा परवाना अडचणीत येऊ शकतो, आणि त्याचा फटका रुग्णालयातल्या रुग्णांनाही बसतो. सासरे पाळक आहेत, त्यामुळे हे कारण त्यांना सर्वांत आधी पटेल. त्यांच्या अनुभवाचा उपयोग दुसऱ्या मार्गाने पुष्कळ होईल. आपल्या सहकाऱ्यांपैकी कितीतरी जणांना आपले म्हणणे ऐकून घेणारा वडीलधारा माणूस वर्षानुवर्षे भेटलेला नसतो.

हा निरोप आपण स्वतः देऊ नये. आपल्या पतीने आपल्या आईवडिलांशी बोलावे. शाळा, पैसा, घरातली ये-जा, दिवसाचा क्रम, हे सर्व त्यांनीच आधी फोनवर मोकळेपणाने सांगावे. सुनेच्या तोंडून आलेला नियम तक्रारीसारखा ऐकू येतो, आणि मुलाच्या तोंडून तोच नियम माहिती म्हणून घेतला जातो. हे न्याय्य नाही, पण दोन महिने एकाच छपराखाली राहायचे असताना त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

सासूबाईंच्या प्रश्नाविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे. 'मुलांच्या भवितव्याचे काय?' या शब्दांत टीका असते, तशीच हळहळही असते. नातवंडांची पहिली पावले, पहिली शाळा, आजारपण, हे सर्व त्यांना फोनवर कळले. ज्या माउलीने मुलाला सेवेसाठी देवाच्या हाती सोपवले, तिने नातवंडांनाही सोपवले, असे आपण गृहीत धरतो, पण त्या दुसऱ्या गोष्टीविषयी तिला कोणी विचारलेले नसते. एखाद्या शांत संध्याकाळी आपणच म्हणा, 'आई, आमच्या निर्णयाची किंमत तुम्हीही मोजली आहे, हे मला ठाऊक आहे.' हे ऐकल्यावर वाद संपेलच असे नाही, परंतु पुढचे बोलणे निश्चित वेगळ्या पातळीवर होईल. शाळेचा निर्णय मात्र आपणा दोघांचा आहे. दोन्ही बाजूंची आपली कारणे त्यांना सांगा, शक्य असेल तर ती शाळा त्यांना दाखवून आणा, आणि निर्णय त्यांच्या मुक्कामात जाहीर करण्याचे टाळा.

कामाचेही तसेच करावे. आल्या-आल्या रुग्णालयाचा फेरफटका करवून आणण्याऐवजी, काही दिवसांनी त्यांना एक पूर्ण दिवस आपल्याबरोबर राहू द्या. बाह्यरुग्ण विभागातली रांग, कमी पडणारी माणसे, संध्याकाळी दमून घरी आल्यावर दारात उभा असलेला शेजारी, हे डोळ्यांनी पाहिल्यावर देणगीचा पैसा कुठे जातो, हा प्रश्न बहुधा उरत नाही. उरलाच तर हिशेब दाखवण्यास संकोचू नका. देणगीदारांना आपण जो अहवाल पाठवता, तोच त्यांनाही वाचायला द्या.

प्रवासाच्या तयारीविषयी थोडक्यात. पासपोर्टची मुदत पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असावी, अशी अनेक देशांची अट असते. प्रवास विमा घेताना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची पूर्ण नोंद करावी. लपवलेल्या आजारावरचा खर्च विमा कंपनी नाकारते. रोजची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या सामानात ठेवावीत. आपण राहता तो देश पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) पट्ट्यात असेल तर लसीचे प्रमाणपत्र लागेल. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार ११ जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्या व्यक्तींना मात्र या लसीच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका अधिक असतो, त्यामुळे ती घ्यावी की वैद्यकीय सूट मागावी, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. हिवतापाचा धोका असेल तर प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वी सुरू होतात आणि परत आल्यावरही, औषधानुसार काही दिवस ते काही आठवडे, घ्याव्या लागतात. परतल्यावर ज्येष्ठ मंडळी त्या हमखास बंद करतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. आमच्या मंडळीत जुन्या मिशनऱ्यांची चरित्रे नेहमी सांगितली जातात, पण त्यांच्या मुलांविषयी आणि मागे राहिलेल्या आईवडिलांविषयी कोणीच बोलत नाही. त्या काळी आजी-आजोबा नातवंडांना भेटत असत का?
— एक विद्यार्थी

उत्तर : फार चांगला प्रश्न विचारलात. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असेच आहे. इंग्लंडचे मिशनरी विल्यम केरी १७९३ साली पत्नी डोरोथी, मुले आणि मेहुणी कॅथरिन यांच्यासह बंगालकडे निघाले, तेव्हा प्रवासाला पाच महिने लागले. डोरोथी आधी जाण्यास तयार नव्हती. तान्हे बाळ कुशीत असताना, बहीण बरोबर येईल या अटीवर ती निघाली. दुसऱ्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर दगावला. तिचे मन त्यानंतर सावरले नाही आणि १८०७ साली ती वारली. केरी १८३४ साली मृत्यू येईपर्यंत एकदाही इंग्लंडला परतले नाहीत. म्हणजे त्यांच्या वडिलांनी मुलाला निरोप दिला तो कायमचाच.

आपल्या वाचकांना जवळचे उदाहरण गॉर्डन हॉल यांचे. अमेरिकन मराठी मिशनचे हे पहिल्या पिढीतले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले. मुलांच्या प्रकृतीसाठी १८२५ साली त्यांची पत्नी मार्गारेट दोन मुलग्यांना घेऊन अमेरिकेला निघाली. त्यांतला एक मुलगा समुद्रप्रवासातच वारला. पुढच्या वर्षी, मार्च १८२६ मध्ये, नाशिकच्या परिसरात दौऱ्यावर असताना हॉल पटकीने गेले. चरित्रे सांगताना आपण हॉल यांच्या निष्ठेविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या जहाजावर एका मुलाला समुद्राच्या स्वाधीन करून दुसऱ्याला अमेरिकेला घेऊन जाणाऱ्या मार्गारेटचे नावही त्याच आदराने घेतले गेले पाहिजे.

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, वाफेची जहाजे आली आणि प्रवास महिन्यांवरून आठवड्यांवर आला. तरी भेटीगाठी वाढल्या त्या मुख्यतः एकाच दिशेने, म्हणजे मिशनरी काही वर्षांनी सुट्टीवर परत जात आणि मुलांना शिक्षणासाठी तिकडेच ठेवून येत. लंडनजवळ मिशनऱ्यांच्या मुलींसाठी १८३८ साली आणि मुलांसाठी १८४२ साली शाळा निघाल्या, त्या याच गरजेतून. धावपटू म्हणून गाजलेले आणि पुढे चीनमध्ये मिशनरी झालेले एरिक लिडेल यांचा जन्म १९०२ साली चीनमध्ये तिएनत्सिन येथे झाला. १९०८ साली, सहा वर्षांचे असताना, त्यांना थोरल्या भावासह अशा शाळेत ठेवून आईवडील चीनला परतले. आयडा स्कडर यांची गोष्टही अशीच आहे. भारतात सेवा करणाऱ्या स्कडर घराण्याच्या तिसऱ्या पिढीतली ही मुलगी १८७० साली राणीपेट येथे जन्मली. किशोरवयात तिला शिकागोत नातेवाइकांकडे ठेवून आई भारतात परतली. आपण मिशनरी होणार नाही, असे तिने तेव्हा मनाशी ठरवले होते. पुढे तिनेच वेल्लोरचे रुग्णालय उभे केले, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही त्या मुलीच्या दुःखाला नंतरच्या यशाचे निमित्त ठरवू नये, असे मला वाटते. ते दुःख स्वतंत्रपणे खरे होते.

मुलांना परत पाठवण्याऐवजी कार्यक्षेत्राजवळच वसतिगृहाच्या शाळा काढण्याची पद्धतही हळूहळू रूढ झाली. केनियातील किजाबे येथे १९०६ साली, तर आपल्याकडे कोडाईकनाल येथे १९०१ साली अशी शाळा सुरू झाली. चीनच्या किनाऱ्यावर चीफू येथे चायना इनलँड मिशनने १८८१ साली काढलेली शाळा यांत विशेष प्रसिद्ध आहे, आणि आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर मला तिच्याच इतिहासात सापडते. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ही शाळा ताब्यात घेतली आणि मुलांना शिक्षकांसह नजरकैदेत ठेवले. १९४३ साली त्यांना वेइशिएन येथील मोठ्या छावणीत हलवले. त्या मुलांत चायना इनलँड मिशनचे संस्थापक हडसन टेलर यांच्या वंशातली चार भावंडे होती. त्यांचे आईवडील चीनच्या दुसऱ्या भागात सेवेत होते आणि मधली वाट युद्धाने बंद केली होती. परंतु त्याच छावणीत या भावंडांचे आजोबाही होते, हडसन टेलर यांचे पुत्र हर्बर्ट टेलर, वय ऐंशीच्या पुढे. ऑगस्ट १९४५ मध्ये छावणी मुक्त झाली आणि पाच वर्षांहून अधिक काळानंतर मुले आईवडिलांना भेटली. त्या काळात आपल्या घराण्याचे, आपल्या नावाचे एक माणूस त्यांच्याजवळ होते. लिडेलही याच छावणीत होते. मुलांना शिकवता-खेळवताना मुक्तीच्या सहा महिने आधी, फेब्रुवारी १९४५ मध्ये ते मेंदूतल्या गाठीने वारले. १९४१ साली कॅनडाला गेलेल्या पत्नीच्या पोटी जन्मलेली धाकटी मुलगी त्यांनी कधीच पाहिली नाही.

आज विमान एका दिवसात पोहोचवते, आणि आजी-आजोबा उलट्या दिशेने प्रवास करू शकतात. मिशनच्या इतिहासात ही गोष्ट अगदी अलीकडची आहे, म्हणून ती कशी करावी याच्या रीती अजून घडत आहेत. आपण हे चरित्रकथनाच्या कार्यक्रमात सांगावे. मागे राहिलेल्या आईवडिलांची पत्रे जुन्या मिशन संस्थांच्या दप्तरांत आहेत, ती शोधून वाचणारे तरुण हवे आहेत.

प्रश्न : मी एकटा आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास नाकारला आहे. मुलीच्या मिशन केंद्रावर मी कधीच जाऊ शकणार नाही. नात चौदा महिन्यांची आहे. मी तिला कोण म्हणून आठवणार?
— एक आजोबा

उत्तर : आदरणीय दादा, ती आपल्याला आजोबा म्हणूनच ओळखेल, मात्र त्यासाठी नियमितपणा हवा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली दीड वर्षाखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्याची शिफारस केली, तेव्हा एकच अपवाद ठेवला, तो म्हणजे जिवलगांशी व्हिडिओ कॉल. आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी, ठरलेल्या वेळी, पाच-सात मिनिटे पुरेशी आहेत. प्रत्येक वेळी तेच एक बडबडगीत म्हणा आणि शेवटी तीच एक छोटी प्रार्थना. या वयाच्या मुलांना पुन्हा-पुन्हा तेच आवडते. मुलीला सांगा की नातीला मांडीवर घेऊन, आपण पडद्यावर हात हलवताच तिनेही नातीचा हात हलवावा. याशिवाय आपल्या आवाजात गोष्टी ध्वनिमुद्रित करून पाठवा आणि दर वाढदिवसाला एक पत्र हाताने लिहा. ती पत्रे मुलगी जपून ठेवील आणि नातीला वाचता येऊ लागले की तिच्या हाती देईल. आपल्या प्रकृतीविषयी मुलीपासून काही लपवू नका. परदेशातल्या मिशनऱ्याला सर्वांत जास्त भीती वाटते ती आपल्याला उशिरा कळवले जाईल याची. प्रकृती बिघडल्यास कोण कळवेल, ती किती वेळात निघू शकेल, प्रवासखर्चाची तरतूद संस्थेकडे आहे का, हे आत्ताच बोलून ठेवा.

प्रश्न : मुलीच्या मिशन केंद्रावरून परत आल्यावर मंडळीत माहिती सांगायची आणि छायाचित्रे दाखवायची आहेत. काही अडचण आहे का?
— एक आजी-आजोबा

उत्तर : मुलीला विचारल्याशिवाय काहीही दाखवू नका आणि समाजमाध्यमांवर टाकू नका. काही देशांत मिशनऱ्यांचे काम उघड झाल्यास त्यांना देश सोडावा लागतो, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना तर निघून जाण्याचीही वाट नसते. म्हणूनच या सदरातही नावे आणि देश छापलेले नाहीत. नातवंडांच्या शाळेचे नाव, घराचा परिसर आणि रुग्णांचे चेहरे कोणत्याही देशात दाखवू नयेत. काय सांगायचे ते लिहून आधी मुलीकडे पाठवा आणि तिने खोडलेले पुन्हा घालू नका. नातवंडे मोठी असतील तर त्यांच्या छायाचित्रांसाठी त्यांचीही परवानगी घ्या. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांत ठिकाणाची नोंद आपोआप होत असते. ती बंद कशी करायची, हे निघण्यापूर्वी मुलीकडून शिकून घ्या.